रक्तातली शुगर शरीर कशी सांभाळतं आणि डायबिटीसमध्ये गाडी कुठे अडते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा पाठवतात, शब्द बदलतात पण प्रश्न तोच असतो, म्हणून एकदाच सगळं एका जागी लिहून ठेवलंय. सोप्यापासून सुरुवात आहे, डोकं खाणारे प्रश्न शेवटी आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जे दुसरीकडे आलंय तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय. शुगरचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले आहेत, ज्यांचा मीटर मिलिमोल दाखवतो त्यांनी १८ ने भागायचं. आणि हो, इथे वाचून स्वतःच गोळी किंवा इन्सुलिनचा डोस कमीजास्त करू नका, ते डॉक्टरांशी बोलूनच.

१. "शुगर वाढली" म्हणतात ती शुगर म्हणजे डब्यातली साखरच का? आणि रक्तात ती हवीच कशाला?

डब्यातली नाही, ती ग्लुकोज. डब्यातली साखर म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जोडीने, पोटात गेल्यावर दोघं सुटे होतात. रक्तात ग्लुकोज लागतंच, कारण एकटा मेंदू दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज वापरतो आणि लाल रक्तपेशींना तर दुसरं इंधन चालतच नाही. आता गंमत बघा, मोठ्या माणसाच्या अंगात ५ लिटरच्या आसपास रक्त असतं आणि निरोगी असताना त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं ४-५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा जेमतेम भरेल. म्हणजे येणारं आणि जाणारं दोन्ही सतत चालू असतं, मीटरवर दिसते ती फक्त त्या क्षणाची शिल्लक. शुगर म्हणजे "मी काय खाल्लं" एवढंच नाही, हे एकदा डोक्यात बसलं की खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

२. डायबिटीस नसलेल्या माणसाचं शरीर शुगर कंट्रोल करतं म्हणजे नक्की कोण काय करतं?

मुख्य खेळाडू दोन, पॅनक्रियाज (स्वादुपिंड) आणि लिव्हर. पॅनक्रियाजमध्ये पेशींची छोटी छोटी बेटं असतात, १८६९ मध्ये पाउल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याने ती पहिल्यांदा पाहिली म्हणून त्याचं नाव लागलं, त्याला स्वतःला ती काय काम करतात ते माहीत नव्हतं. त्या बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात आणि अल्फा पेशी ग्लुकॅगॉन.

जेवलात की ग्लुकोज आतड्यातून थेट लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेत येतं. बीटा पेशीत ग्लुकोज शिरलं की तिथे ते जळून ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेमुळे पेशीचं पोटॅशियमचं दार बंद होतं, कॅल्शियम आत येतं आणि साठवलेलं इन्सुलिन बाहेर पडतं. पहिला मोठा झोत पहिल्या १० मिनिटांतच, मग हळूहळू येत राहतं. हे इन्सुलिनही आधी लिव्हरलाच पोचतं, लिव्हर त्यातलं जवळपास निम्मं तिथेच संपवतं, उरलेलं बाकीच्या शरीराला. मग लिव्हर ग्लुकोज सोडायचं थांबवून साठवायला लागतं, स्नायू ग्लुकोज ओढून घेतात, चरबीच्या पेशी चरबी सोडायची बंद करतात. दोन-तीन तासांत आकडा पुन्हा जागेवर.

उपाशी असताना उलटं. इन्सुलिन कमी होतं, ग्लुकॅगॉन लिव्हरला सांगतं की साठा सोड. लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवून ठेवलेलं ग्लुकोज) असतं, ते कमी पडायला लागलं की लिव्हर लॅक्टेट, अमिनो आम्लं, ग्लिसरॉल यांच्यापासून नवीन ग्लुकोज बनवतं. स्नायूंमध्ये याच्या चौपट साठा असतो पण स्नायू तो रक्तात परत देत नाहीत, त्यांच्याकडे त्यासाठी लागणारं एन्झाइमच नाही, स्वतःचं स्वतःच वापरतात.

अजून एक, आतड्यालाही यात मोठा वाटा आहे. तोंडावाटे ग्लुकोज घेतलं तर तेवढ्याच सलाइनमधल्या ग्लुकोजपेक्षा इन्सुलिन कितीतरी जास्त सुटतं, कारण अन्न आलं की आतडं जीएलपी-१ आणि जीआयपी ही हार्मोन्स सोडून पॅनक्रियाजला आधीच कळवतं. यावरच आजची अर्धी नवीन औषधं उभी आहेत (प्रश्न १६).

३. इन्सुलिन म्हणजे पेशीचं कुलूप उघडणारी किल्ली असं सगळीकडे वाचलंय, बरोबर ना?

अर्धंच बरोबर, आणि खरं सांगायचं तर या किल्लीनेच गोंधळ जास्त घातलाय. स्नायू आणि चरबीच्या पेशींपुरतं ते चालतं, तिथे ग्लुकोज आत नेणारे ग्लूट-४ नावाचे वाहक पेशीच्या आत पडून असतात आणि इन्सुलिनचा निरोप मिळाला की पृष्ठभागावर येतात. पण मेंदू, लाल रक्तपेशी आणि लिव्हर यांच्यात ग्लुकोज शिरायला इन्सुलिन लागतच नाही. लिव्हरच्या बाबतीत इन्सुलिनचं काम हुकूम देण्याचं आहे, की आता ग्लुकोज बाहेर सोडू नको. म्हणून इन्सुलिन कमी पडलं की नुसतं "शुगर पेशीत जात नाही" एवढंच होत नाही, लिव्हर मोकाट सुटतं आणि न खाताही रक्तात ग्लुकोज ओतत राहतं. किल्लीच्या गोष्टीत हा भाग येतच नाही आणि मग लोक प्रश्न ६ विचारत बसतात.

४. मग डायबिटीसमध्ये बिघडतं काय? टाइप १ आणि टाइप २ मध्ये फरक काय?

टाइप १ मध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती बीटा पेशींवर उलटते आणि त्या मारून टाकते, इन्सुलिन जवळजवळ शून्यावर येतं, बाहेरून घेतल्याशिवाय जगता येत नाही. लहान मुलांनाच होतो हा गैरसमज आहे, चाळिशीतही होतो. १९२१ मध्ये टोरंटोत बँटिंग, बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्सुलिन वेगळं काढलं आणि १९२२ च्या जानेवारीत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा दिलं, त्याआधी हे निदान म्हणजे मरणाचाच निरोप होता.

टाइप २ मध्ये दोन गोष्टी एकदम चालू असतात. एक, लिव्हर, स्नायू आणि चरबी इन्सुलिनचं ऐकेनासे होतात, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्स, आणि यात लिव्हर-स्नायूंमध्ये जाऊन बसलेल्या चरबीचा मोठा हात असतो. दोन, बीटा पेशी जास्तीचं इन्सुलिन बनवून काही वर्षं भरपाई करतात आणि मग दमतात. पहिल्या १० मिनिटांचा झोत सगळ्यात आधी जातो, म्हणून कित्येकांची जेवणानंतरची शुगर आधी बिघडते. त्यात भर म्हणजे जेवल्यावर ग्लुकॅगॉन खाली यायला हवं ते नीट येत नाही, म्हणजे जेवणातूनही शुगर येतेय आणि लिव्हरही सोडतंय. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात तर निदान होईपर्यंतच बीटा पेशींची साधारण निम्मी ताकद गेलेली दिसली होती. रेझिस्टन्स असलेल्या प्रत्येकाला डायबिटीस होत नाही, ज्याच्या बीटा पेशी पुऱ्या पडतात तो वाचतो.

गरोदरपणातला वेगळा, तिथे वारेतून (प्लासेंटातून) येणारी हार्मोन्स रेझिस्टन्स वाढवतात. बाळंतपणानंतर तो बहुतेकदा जातो, पण पुढे टाइप २ ची शक्यता वाढवून जातो, त्यामुळे नंतरही तपासणी सोडायची नाही.

५. नक्की किती आकडा म्हणजे डायबिटीस?

उपाशीपोटी १०० च्या आत नॉर्मल, १०० ते १२५ प्रीडायबिटीस, १२६ किंवा जास्त डायबिटीस. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० च्या आत नॉर्मल, २०० किंवा जास्त म्हणजे डायबिटीस. एचबीएवनसी (मागच्या २-३ महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी, प्रश्न १५) ५.७ टक्क्यांच्या खाली नॉर्मल, ६.५ आणि वर डायबिटीस, मधला पट्टा प्रीडायबिटीस. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा तपासतात. घरच्या मीटरवर निदान होत नाही, का ते प्रश्न १४ मध्ये.

६. रात्री काही खाल्लं नाही, झोपताना १३० होती, सकाळी उठून बघतो तर १६५! ही शुगर आली कुठून?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि बऱ्याच जणांना घरच्यांचा संशयही सहन करावा लागतो की रात्री उठून काहीतरी खाल्लं असणार. ती लिव्हरमधून आली. झोपेत मेंदू चालू असतो म्हणून लिव्हर रात्रभर ग्लुकोज सोडत असतं, ७० किलोच्या निरोगी माणसात ताशी ८ ग्रॅमच्या आसपास. निरोगी माणसात जेवढं सुटतं तेवढंच खर्च होतं म्हणून आकडा हलत नाही. टाइप २ मध्ये लिव्हर इन्सुलिनचा हुकूम मानत नाही त्यामुळे गरजेपेक्षा जास्त सोडतं.

त्यावर पहाटेचा कारभार. साधारण ४ ते ८ च्या दरम्यान शरीर उठायची तयारी करतं, रात्री सुटलेल्या ग्रोथ हार्मोनचा परिणाम आणि वर चढणारं कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) दोन्ही मिळून इन्सुलिनचा जोर कमी करतात आणि लिव्हरला चालना देतात. याला डॉन फिनॉमिनन म्हणतात. हे सगळ्यांनाच होतं, ज्याचं पॅनक्रियाज ठीक आहे तो थोडं जास्त इन्सुलिन सोडून मोकळा होतो, तुमचं तेवढं सोडू शकत नाही. म्हणूनच काही जणांची शुगर उठल्यावर नाश्ता होईपर्यंत काहीही न खाता वाढतच राहते.

"रात्री लो होऊन सकाळी उसळी मारते" ही सोमोगी नावाची थिअरी तुम्हाला कोणीतरी सांगितलीच असेल. ऐकायला पटते, पण सेन्सर (कातडीला लावायचं, सतत शुगर मोजणारं यंत्र) लावून बघितल्यावर बहुतेकदा रात्री लो झालेल्यांची सकाळही कमीच निघाली, त्यामुळे प्रत्येक वाढलेल्या फास्टिंगला सोमोगी म्हणणं चूक. तिसरी शक्यता, रात्रीचं इन्सुलिन पहाटेपर्यंत पुरत नाही. ओळखायचं कसं, दोन-चार रात्री ३ वाजता शुगर बघायची किंवा सेन्सरचा आलेख काढायचा. ३ ला ठीक आणि मग चढ म्हणजे पहाटेचा प्रकार, झोपल्यापासूनच हळूहळू चढ म्हणजे रात्रीचं जेवण किंवा डोस. हे न बघता रात्रीचा डोस वाढवणं धोक्याचं.

७. गोड पूर्ण बंद केलंय, तरी जेवणानंतर २२०. असं कसं?

कारण पिष्ट (स्टार्च) म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. आतड्यात ती तुटली की रक्ताला कळत नाही की हे गोडातून आलं की धान्यातून, आणि कित्येक मऊ शिजलेले, बारीक दळलेले पदार्थ साखरेइतक्याच वेगाने शुगर चढवतात. बघायचं ते एकूण किती कार्बोहायड्रेट, सोबत तंतू किती आणि पोटातून ते किती वेगाने पुढे सरकतंय. तेल-तूप जास्त असेल तर पोट हळू रिकामं होतं, त्यामुळे दोन तासांची शुगर छान दिसते आणि चार तासांनी वर जाते, लोक दोन तासांचा आकडा बघून खूश होतात. प्रोटीनने शुगर एकदम नाही पण थोडी सावकाश वाढू शकते, कारण ते ग्लुकॅगॉनलाही उठवतं. आधी भाज्या आणि प्रोटीन खाऊन पिष्ट शेवटी खाल्लं तर बऱ्याच जणांचा चढ कमी होतो, फुकटातला उपाय आहे, करून बघा आणि स्वतःच्या मीटरवर खात्री करा. फळ आणि फळाचा रस एक नव्हे, रस काढला की तंतू गेले आणि प्रमाण वाढलं.

८. लघवीत साखर नाही असा रिपोर्ट आलाय, म्हणजे डायबिटीस नाही ना?

असं अजिबात म्हणता येत नाही. किडनी दिवसाला साधारण १८० ग्रॅम ग्लुकोज गाळते आणि निरोगी माणसात ते जवळपास सगळं परत उचलून रक्तात घेते, यातलं ९० टक्क्यांच्या आसपास काम एसजीएलटी-२ नावाच्या वाहकाचं. रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेली की त्याची क्षमता संपते आणि उरलेलं लघवीत जातं. म्हणजे तुमची फास्टिंग १५० असेल, डायबिटीस पक्का असेल, तरी लघवी स्वच्छ येऊ शकते. उलटही होतं, गरोदरपणात किंवा जन्मतःच काहींच्या किडनीची ही मर्यादा कमी असते, रक्तातली शुगर नॉर्मल असून लघवीत साखर दिसते. आणि ज्यांना ग्लिफ्लोझिन गटातली गोळी चालू आहे (प्रश्न १६) त्यांच्या लघवीत साखर येणारच, गोळीचं कामच ते आहे. वारंवार लघवी आणि मग तहान हे त्याच साखरेमुळे, ती जाताना पाणी ओढून नेते.

९. जिममध्ये घाम गाळला आणि शुगर १४० ची १९० झाली, मग व्यायाम कशाला करायचा?

करायचा. चालणं, सायकल असा मध्यम व्यायाम करताना स्नायू आकुंचन पावले की ग्लूट-४ इन्सुलिनच्या निरोपाशिवायच पृष्ठभागावर येतात, रेझिस्टन्स असला तरी हा मागचा दरवाजा चालू असतो, आणि त्याचा फायदा पुढे २४ तास किंवा जास्तही टिकतो. पण जोरात धावणं, जड वजनं यात अॅड्रेनालिन सुटतं आणि लिव्हर स्नायूंना लागेल त्यापेक्षा जास्त ग्लुकोज बाहेर फेकतं, म्हणून लगेच मोजलं की वाढलेली दिसते. तास-दोन तासांनी मोजा, बहुतेकदा उतरलेली असते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र या वाढलेल्या आकड्यावर घाईने डोस घेऊ नये, कारण रिकामे झालेले स्नायू नंतर साठा भरायला ग्लुकोज ओढत राहतात आणि रात्री झोपेत लो होऊ शकते. टाइप १ मध्ये शुगर २५० च्या वर आणि कीटोनही (चरबीपासून बनणारे, रक्त आम्लधर्मी करणारे पदार्थ, प्रश्न १९) असतील तर त्या दिवशी व्यायाम नको.

१०. ताप आला, जेवण अर्ध्यावर, तरी शुगर ३०० च्या घरात. टेन्शनमध्येही असंच होतं. का?

शरीराला ताप, ऑपरेशन, मार, भीती सगळं एकच, संकट. कॉर्टिसोल आणि अॅड्रेनालिन वाढतात, लिव्हरला ग्लुकोज सोडायला लावतात आणि इन्सुलिनचा प्रभाव दाबतात. म्हणून "खात नाहीये तर इन्सुलिन कशाला" हा विचार आजारपणात सगळ्यात घातक. टाइप १ वाल्यांनी मूळचं लाँग अॅक्टिंग इन्सुलिन कधीही पूर्ण बंद करायचं नाही, शुगर वरचेवर मोजायची, कीटोन बघायचे, पाणी पीत राहायचं आणि उलट्या थांबत नसतील तर दवाखाना. काही गोळ्या मात्र आजारपणात थांबवाव्या लागतात, त्याचं कारण प्रश्न १९ मध्ये. स्टेरॉइडची वेगळीच तऱ्हा, सकाळी गोळी घेतली की दुपार-संध्याकाळची शुगर उडते आणि फास्टिंग बरी असते, त्यामुळे फक्त फास्टिंग बघणारे फसतात.

११. शुगर लो का होते आणि झाली तर नक्की काय द्यायचं?

शरीराकडे यासाठी पायऱ्या आहेत. ८० च्या आसपास आली की आपलं इन्सुलिन जवळजवळ बंद होतं, ७० च्या खाली जायला लागली की ग्लुकॅगॉन आणि अॅड्रेनालिन धावून येतात, अजून खाली गेली की थरथर, घाम, धडधड, भूक, मग गोंधळ, अडखळत बोलणं. डायबिटीसमध्ये पहिलीच पायरी तुटलेली असते, कारण टोचलेलं इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गोळीने सोडायला लावलेलं इन्सुलिन शुगर पडली म्हणून थांबत नाही. टाइप १ मध्ये काही वर्षांत ग्लुकॅगॉनचा प्रतिसादही जातो.

७० च्या खाली म्हणजे लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, पाण्यात विरघळवून, १५ मिनिटांनी परत मोजायचं, वाढली नसेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की काहीतरी खाऊन घ्यायचं. चॉकलेट देऊ नका, त्यातली चरबी साखर उशिरा सोडते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोजची गोळी चालू असणाऱ्यांना साध्या साखरेने लवकर फरक पडत नाही, कारण ती गोळी साखर तुटूच देत नाही, त्यांनी ग्लुकोज पावडरच जवळ ठेवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर द्या आणि हॉस्पिटल गाठा.

१२. लो ची सगळी लक्षणं होतात पण मीटर १०५ दाखवतो. मीटर खराब का?

बहुधा नाही. महिनोन्महिने शुगर २५०-३०० राहिली की शरीर तोच आकडा नॉर्मल धरून बसतं, मग औषध लागू पडून ती १०५ ला आली की धोक्याची घंटा वाजते. त्रास खरा असतो, धोका नसतो. मोजून खात्री करा, अगदीच सहन होत नसेल तर थोडंसं खा, पण प्रत्येक वेळी साखर खात सुटलात तर शुगर कधी उतरणारच नाही. काही आठवड्यांत सवय होते.

१३. आधी लो झाली की कळायचं, आता ५० ला पण काही जाणवत नाही. हे चांगलं की वाईट?

वाईट, आणि लगेच डॉक्टरांना सांगण्यासारखं. प्रश्न १२ च्या बरोब्बर उलट, सारखी सारखी लो होत राहिली की मेंदू कमी शुगरलाच सरावतो आणि अॅड्रेनालिनची घंटा उशिरा वाजते किंवा वाजतच नाही, मग माणूस थेट गोंधळतो किंवा पडतो. चांगली बातमी अशी की दोन-तीन आठवडे कटाक्षाने लो होऊ दिली नाही तर ही जाणीव बऱ्याच प्रमाणात परत येते, त्यासाठी डॉक्टर टार्गेट थोडं वर ठेवतात. बीपी-हृदयाच्या बीटाब्लॉकर गोळ्यांनी धडधड आणि थरथर झाकली जाते, घाम मात्र येतोच, त्यावर लक्ष ठेवा. अशा माणसाने गाडी चालवण्याआधी शुगर बघितलीच पाहिजे.

१४. लॅब १४२, मीटर १५८, सेन्सर १३० म्हणतो. खरं कोणाचं?

निदानासाठी लॅबचं. बाकी दोघं खोटं बोलत नाहीत, ते वेगळ्या गोष्टी मोजतात. मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकातच १०० च्या वर १५ टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे १४२ चं १५८ यात काही वावगं नाही. शिवाय बोटातल्या रक्तात जेवणानंतर शिरेतल्यापेक्षा शुगर जास्तच असते, कारण ती अजून स्नायूंनी उचललेली नसते. सेन्सर तर रक्त मोजतच नाही, कातडीखालच्या पेशींच्या मधल्या जागेतला द्रव मोजतो, तिथे बदल ५ ते १५ मिनिटं उशिरा पोचतो, म्हणून शुगर वेगाने चढत-उतरत असताना तफावत वाढते. लो वर उपचार केल्यावर सेन्सर काही वेळ कमीच दाखवतो आणि लोक घाबरून दुप्पट साखर खातात, अशा वेळी बोटातूनच तपासा. आणि हात धुवा! फळ सोलून तसंच बोट टोचलं की येणारा आकडा फळाचा असतो.

१५. रोजचे आकडे छान, पण एचबीएवनसी ८ आली. (किंवा उलट.) हे काय गौडबंगाल?

एचबीएवनसी म्हणजे हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटलंय त्याचं प्रमाण, लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून ती मागच्या २-३ महिन्यांची सरासरी सांगते. ७ म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३. तुम्ही फक्त फास्टिंग मोजत असाल तर जेवणानंतरचे चढ तुम्हाला दिसलेच नाहीत, पहिला संशय तिथे.

पण आकडा खोटाही असू शकतो. लोह कमी असल्याने होणाऱ्या अॅनिमियात तो फुगतो. रक्तस्राव, रक्त चढवणं, लाल पेशी लवकर फुटण्याचे आजार यात तरुण पेशी जास्त असतात म्हणून कमी येतो. सिकलसेल, थॅलेसेमियात भरवसा नाही. अशा लोकांनी घरचे आकडे, सेन्सर किंवा फ्रुक्टोसमिन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं ग्लुकोज मोजणारी तपासणी) यावर जावं. आणि सरासरी ही सरासरीच, एकाची दिवसभर १५० आणि दुसऱ्याची ५० ते २५० असा झोका, एचबीएवनसी दोघांची सारखीच येऊ शकते.

१६. इतक्या प्रकारच्या गोळ्या-इंजेक्शनं आहेत, कुठली कुठे काम करते?

वरचं वाचलं असेल तर हे सोपं आहे, प्रत्येक औषध एकेका बिघाडावर बसतं. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरचं ग्लुकोज सोडणं कमी करतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड वगैरे सल्फोनिलयुरिया बीटा पेशीचं ते पोटॅशियमचं दार (प्रश्न २) शुगर कितीही असली तरी बंद करतात, म्हणून शुगर लो करू शकतात. ग्लिप्टिन गट जीएलपी-१ ला मोडणारं एन्झाइम अडवतो, जीएलपी-१ ची इंजेक्शनं थेट तेच काम जास्त जोरात करतात आणि भूकही मारतात, हे दोन्ही शुगर जास्त असेल तेव्हाच इन्सुलिन वाढवतात म्हणून एकटे असताना लो क्वचितच. ग्लिफ्लोझिन किडनीतला वाहक अडवून साखर लघवीत सोडतात. पायोग्लिटाझोन रेझिस्टन्स कमी करतं. अकार्बोज-व्होग्लिबोज आतड्यात पिष्टाचं तुटणं लांबवतात, गॅसची तक्रार त्यामुळेच. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी तुम्हाला का दिली नाही, याचं उत्तर यातच आलं.

१७. इन्सुलिन सुरू केलं की पॅनक्रियाज आळशी होतो आणि मग ते कधीच सुटत नाही, खरं का?

खोटं, आणि या एका समजुतीने खूप लोकांची वर्षं वाया घालवलीत. बीटा पेशी इन्सुलिन घेतल्याने नाही, सततच्या जास्त शुगरमुळे मरगळतात. निदानाच्या वेळी शुगर खूप जास्त असेल आणि काही आठवडे इन्सुलिन दिलं तर त्या पेशींना उसंत मिळते आणि कित्येकदा नंतर गोळ्यांवर परतता येतं. बऱ्याच वर्षांनी सुरू केलेलं सुटत नाही ते इन्सुलिनमुळे नाही, पेशीच उरलेल्या नसतात म्हणून. टाइप १ मध्ये सुरुवातीच्या काही महिन्यांत डोस एकदम कमी होतो, त्याला हनिमून म्हणतात, तेव्हा "बरा झाला" म्हणून इन्सुलिन बंद करू नका.

१८. टाइप २ कायमचा बरा होतो का?

"बरा" नाही, रेमिशन म्हणतात. २०२१ मध्ये ठरलेली व्याख्या अशी की औषधं बंद करून किमान ३ महिने झाल्यावर एचबीएवनसी ६.५ च्या खाली. हे खरंच होतं. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासात निदान होऊन ६ वर्षांच्या आतल्या, इन्सुलिनवर नसलेल्या लोकांना अगदी कमी कॅलरीच्या आहारावर ठेवलं, वर्षभराने त्यातले ४६ टक्के रेमिशनमध्ये होते. वजन उतरलं की लिव्हर आणि पॅनक्रियाजमधली चरबी उतरते आणि ज्या बीटा पेशी मेलेल्या नाहीत त्या परत कामाला लागतात, म्हणूनच जितकं लवकर तितकी शक्यता जास्त. वजन परत वाढलं की डायबिटीस परत येतो, तपासण्या रेमिशनमध्येही चालूच. चूर्ण-काढा देऊन टाइप १ बरा करतो म्हणणाऱ्यापासून मात्र लांब राहा, तिथे इन्सुलिन थांबवणं म्हणजे जिवाशी खेळ.

१९. शुगर फक्त १८० होती, तरी डॉक्टर म्हणाले कीटोअॅसिडोसिस झालाय. इतक्या कमी शुगरमध्ये होतो?

होतो. कीटोअॅसिडोसिस मुळात इन्सुलिनच्या टंचाईचा आजार आहे. इन्सुलिन फार कमी झालं की चरबीच्या पेशी बेसुमार चरबी सोडतात, लिव्हर तिचे कीटोन बनवतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. साधारणपणे शुगरही सोबत खूप वाढते म्हणून लोक आकड्यावरून अंदाज लावतात. पण ग्लिफ्लोझिन चालू असेल तर जास्तीची साखर लघवीतून निघून जाते, आकडा गरीब दिसतो आणि आत कीटोन चढत असतात. उपास, उलट्या, ऑपरेशन, इन्सुलिन एकदम कमी करणं, अशा वेळी धोका वाढतो. म्हणून आजारपणात आणि ठरलेल्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी ही गोळी थांबवायला सांगतात. मळमळ, पोटदुखी, धाप, प्रचंड थकवा असेल तर शुगर बरी दिसतेय म्हणून घरी थांबू नका, कीटोन तपासून घ्या.

२०. तेच इन्सुलिन, तेवढाच डोस, तेच जेवण, तरी एक दिवस १२० आणि दुसऱ्या दिवशी २१०. मी काय चुकतोय?

बहुतेकदा काहीच नाही. शरीराचं इन्सुलिन आधी लिव्हरमध्ये पोचतं आणि काही मिनिटांत संपतं म्हणून दर मिनिटाला दुरुस्ती होत असते, टोचलेलं मात्र कातडीखालून हळूहळू सगळीकडे पसरतं आणि एकदा गेलं की मागे घेता येत नाही. ते किती वेगाने शोषलं जातं हे रोज बदलतं, गरम पाण्याची अंघोळ, व्यायाम, टोचायची जागा, सगळ्याने. पोटावर सगळ्यात लवकर, मांडीवर सावकाश. सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे एकाच जागी टोचून झालेल्या गाठी, तिथे दुखत नाही म्हणून लोक मुद्दाम तिथेच टोचतात आणि इन्सुलिन कधी शोषलं जातं कधी नाही. बोटांनी चाचपून बघा, गाठ असेल तर जागा बदला, पण बदलताना डॉक्टरांना सांगा, कारण चांगल्या जागी तोच डोस जास्त लागू पडून लो होऊ शकते. उन्हात ठेवलेलं किंवा गोठलेलं इन्सुलिन असेल तर ते फेकाच.

२१. दारू प्यायल्यावर शुगर वाढते की कमी होते?

दोन्ही, वेगवेगळ्या वेळी. गोड मिक्सर आणि बिअरमधल्या कार्बोहायड्रेटने आधी वाढते. नंतर लिव्हर दारू निपटण्यात गुंततं आणि नवीन ग्लुकोज बनवायचं काम मागे पडतं, त्यात जेवण नसेल तर ग्लायकोजेनही संपत येतं, म्हणून इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया घेणाऱ्याची शुगर मध्यरात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही लो होऊ शकते. अशा वेळी ग्लुकॅगॉनचं इंजेक्शनही नीट काम करत नाही, कारण ते लिव्हरचा साठा सोडायला लावतं आणि साठाच उरलेला नसतो. आणि बरोबरच्यांना वाटतं की याला चढलीय, झोपू दे. म्हणून प्यायचीच असेल तर रिकाम्या पोटी नाही, झोपण्याआधी शुगर बघायची आणि सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवायचं की मला डायबिटीस आहे, मी बरळायला लागलो तर आधी माझी शुगर मोज.